सह्या सहा हजार, खसरे एकोणीस

इंदूर जिल्ह्यातल्या सांवेर तहसिलीतली दोन गावं आणि नाल्यापलीकडचं, देवास जिल्ह्यात मोडणारं तिसरं, एवढाच पीक खाणाऱ्या नीलगायी मारायच्या परवानगीसाठी झालेल्या या प्रकरणाचा मुलूख. काळी माती. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू, हरभरा, लसूण, बटाटा. नाल्याच्या दोन्ही काठांना बाभळीचं दाट झुडूप आणि त्या झुडपात रोजड्यांचा कळप. पुस्तकात त्याला नीलगाय म्हणतात, विदर्भात रोही, माळव्यात रोजडा किंवा घोडारोज. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी चार-साडेचार फूट भरतो, वजन दोनशे-अडीचशे किलोपर्यंत जातं. मादीला पुष्कळदा जुळं होतं. दाट जंगल या जनावराला मानवत नाही. पडीक, झुडूप आणि शेत हेच त्याचं घर. म्हणून ‘जंगलातून आलेत, जंगलात हाकला’ हा उपाय इथे मुळातच लागू पडत नाही.

प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. त्यातली माणसं, त्यांच्या सह्या आणि त्यांच्या शेतांचे आकडे नमुन्याचे आहेत. कायदा, कलमं, खात्यांची रीत आणि बाहेरची उदाहरणं मात्र खरी आहेत.

इंदूरच्या सुदामानगर, लोकमान्यनगर भागातल्या काही मराठी घरांची या गावांत पिढीजात जमीन आहे. त्यातल्या तिघांकडे बंदुकीचा परवाना. त्यांच्याबरोबर रेंजवर नेम धरणारे आणखी आठ जण, त्यांची जमीन कुठेच नाही. असे अकरा जण मिळून त्यांनी ऑनलाइन याचिका काढली. मथळा होता: ‘नीलगायींच्या शिकारीला परवानगी द्या, शेतकरी वाचवा’. सहा आठवड्यांत 6,140 सह्या जमल्या. त्यातून काहीच हललं नाही. पुढच्या हंगामात याच लोकांनी एकोणीस खातेदारांच्या पानांचा एक गठ्ठा दिला आणि त्यावर कारवाई झाली. हा फरक कशाने पडला, तेवढंच इथे तपासायचं आहे.

पहिल्या याचिकेत तीन मागण्या होत्या आणि तिन्ही कायद्यावर आपटल्या.

पहिली मागणी: इंदूर आणि देवास जिल्ह्यांत नीलगाय ‘उपद्रवी प्राणी’ जाहीर करा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 62 खाली अशी घोषणा करता येते, पण तो अधिकार केंद्र सरकारचा आहे. याचिका मुख्यमंत्र्यांच्या नावाने होती. राज्य फार तर प्रस्ताव पाठवू शकतं, आणि प्रस्तावाला क्षेत्र, मुदत आणि नुकसानीचा लेखी पुरावा लागतो. याचिकेत यातलं एकही नव्हतं. मसुदा लिहिणाऱ्याने शिवाय जुनी परिशिष्टं समोर ठेवली होती. 2022 च्या दुरुस्तीने, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, परिशिष्टं सहाची चार झाली. उपद्रवी प्राण्यांचं स्वतंत्र परिशिष्ट 5 गेलं आणि नीलगाय, रानडुक्कर हे परिशिष्ट 3 मधून परिशिष्ट 2 मध्ये आले. ‘परिशिष्ट 3 मधील नीलगाय’ असं लिहिलेला अर्ज वाचणारा अधिकारी पहिल्याच ओळीला ओळखतो की लिहिणाऱ्याने चालू कायदा उघडलेला नाही. आता परिशिष्ट 3 मध्ये वनस्पती आहेत.

दुसरी मागणी: परवानाधारक नेमबाजांना ठराविक फी घेऊन हंगामी शिकार करू द्या. अशी सोय या देशात कधीकाळी होती. 1972 च्या मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. आज कलम 9 ची बंदी सरसकट आहे, आणि कलम 11 व 12 मधले अपवाद कुणाच्याही छंदासाठी नाहीत. म्हणजे ही मागणी मान्य करायची तर संसदेत कायदा बदलावा लागेल. ती भोपाळकडे करून उपयोग नव्हता.

तिसरी मागणी मांसाची होती: मारलेलं जनावर गावाला किंवा शिकाऱ्याला मिळावं. कलम 39 प्रमाणे कलम 11 खाली मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. ते उचलणं, वाटणं, कापणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. आमच्या मते याचिकेचं सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने केलं. पिकासाठी आलो म्हणणाऱ्याचा हात ताटाकडे दिसला की पुढचं कुणी वाचत नाही.

जी गोष्ट मागायला हवी होती ती कलम 11(1)(ख) मध्ये होती. परिशिष्ट 2 मधलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेशाने ते मारायची परवानगी देऊ शकतो. ‘मालमत्ता’ या शब्दात कायद्याने कुठल्याही जमिनीवरचं उभं पीक स्पष्टपणे धरलं आहे. परिशिष्ट 1 च्या जनावरांबाबतचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला खाली सोपवता येत नाही. परिशिष्ट 2 बाबतचा, राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने, येतो. याचा अर्थ दार उघडं होतं आणि जवळही होतं. याचिका भलत्याच दाराशी उभी राहिली.

केरळने नेमकं कलम 11 चं दार वापरलं. रानडुकरांना उपद्रवी ठरवायची मागणी केंद्राने मान्य केली नाही, तेव्हा 2022 मध्ये राज्याने कलम 11 चाच अधिकार ग्रामपंचायत अध्यक्ष आणि नगरपालिकांच्या प्रमुखांपर्यंत नेला. कायदा तोच राहिला, सही करणारा गावाजवळ आला. याउलट बिहारमध्ये डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर वर्षभरासाठी उपद्रवी ठरले. जून 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने स्थगिती दिली नाही. तरीही ती दृश्यं लोकांच्या डोळ्यांत राहिली आहेत. आज कुणीही बंदूकधारी याचिका घेऊन आला की अधिकाऱ्याला मोकामा आठवतं, हे धरूनच मसुदा करावा लागतो.

आता सह्यांकडे. 6,140 मधल्या इंदूर आणि देवास जिल्ह्यांतल्या 874. तीन गावांतल्या 41. त्यातही स्वतःच्या नावावर खसरा (सर्व्हे नंबर असलेला जमिनीचा तुकडा) असलेले 19. बाकीच्या सह्या देशभरच्या शस्त्रप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांतून आल्या, काही शे तर परदेशातून. याचिकेच्या संकेतस्थळावर सही म्हणजे एक नाव आणि एक ईमेल. शिवाय सही केल्यावर ‘याचिका पुढे नेण्यासाठी’ जे पैसे मागितले जातात ते बहुतेक वेळा संकेतस्थळ ती याचिका आणखी लोकांना दाखवण्यासाठी वापरतं. अर्जदाराच्या हाती ते येत नाहीत. दोन शेतकऱ्यांनी कुंपणाला मदत समजून पाचशे-पाचशे रुपये भरले होते. हे आधी सांगायला हवं होतं.

अकरा दिवसांत विरोधी याचिका उभी राहिली आणि तीन आठवड्यांत तिने 23,000 ओलांडले. प्राणिप्रेमींची शहरी संख्या शिकाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते, त्यामुळे आकड्यांच्या खेळात शिकारी हरणारच. ब्रिटनमध्येही तेच दिसलं: 2016 मध्ये ग्राउस पक्ष्यांच्या हाकारी शिकारीवर बंदी मागणाऱ्या याचिकेला 1,23,077 सह्या मिळाल्या, आणि शिकारीच्या बाजूची याचिका तिच्यापुढे कितीतरी लहान राहिली. पण तिथे 10,000 सह्यांना सरकारचं लेखी उत्तर मिळतं आणि एक लाखाला संसदेत चर्चेचा विचार होतो. 31 ऑक्टोबर 2016 ला त्या दोन्ही बाजूंवर चर्चा झालीही. आपल्याकडे खाजगी संकेतस्थळावरच्या सह्यांना असा कुठलाच उंबरठा नाही. सहा असोत की सहा लाख, कायद्याने कुणीही उत्तर द्यायला बांधलेलं नाही. विधानसभेत याचिका द्यायची तर ती आमदारामार्फत, ठरलेल्या नमुन्यातच जाते.

मथळ्यातल्या शब्दानेही घात केला. मसुदा तयार होताना तो लिहिणाऱ्या काकांशी घरात झालेलं बोलणं असं:

“काका, मथळ्यात नीलगाय नको. रोजडा लिहा.”

“अरे, सरकारी नाव तेच आहे.”

“सरकार आत वाचेल की. मथळा लोक वाचतात, आणि लोकांना त्यात फक्त गाय दिसते.”

काकांनी ऐकलं नाही. विरोधी याचिकेचा पहिला परिच्छेद गाय या शब्दावरच उभा होता. जनावर हरणांच्या-गुरांच्या मोठ्या कुळातलं असलं तरी गाय नाही, हे पटवायला नंतर कितीही लिहिलं तरी वेळ गेलेली असते. खातेगाव-हरदा भागात बिश्नोई वस्ती आहे. त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न तर नाव बदलूनही संपत नाही. तिथे मथळ्याच्या हुशारीपेक्षा आधी जाऊन बसणं, बोलणं आणि त्यांच्या शिवारापासून लांब राहणं हेच बरं.

त्यातच एका सभासदाने याचिकेच्या पानावर बंदूक खांद्यावर घेतलेला स्वतःचा फोटो टाकला. दोन दिवसांत पोलीस ठाण्यातून विचारणा आली. परवाना शाबूत राहिला, पण गटाची आठवड्याची धावपळ त्यातच गेली.

शेवटी याचिकेचा दुवा सीएम हेल्पलाइन 181 वर टाकला गेला. इथे तक्रार पहिल्या पातळीच्या अधिकाऱ्याकडून चौथ्या पातळीपर्यंत चढते, पण त्यासाठी ती तक्रार असावी लागते: अमुक तारखेला, अमुक खसऱ्यावर, अमुक कार्यालयाने अमुक काम केलं नाही. ‘धोरण बदला’ ही मागणी ठरते आणि तशी नोंद होऊन बंद होते. बंद झाल्याचा संदेश आला तेव्हा गटाला वाटलं की आपल्याला डावललं. प्रत्यक्षात कुणाच्याही टेबलावर निर्णय घेण्याजोगं काही पोहोचलंच नव्हतं. वनपरिक्षेत्र कार्यालयात त्यांना एकच प्रश्न विचारला गेला: “हे सहा हजार लोक कुठल्या हल्क्यातले?” हल्का म्हणजे एका पटवाऱ्याकडची, म्हणजे तलाठ्याकडची गावं. उत्तर देता आलं नाही.

दुसऱ्या वेळी काम या प्रश्नापासून सुरू झालं.

एकोणीस खातेदार, प्रत्येकाचं एक पान. पानावर गाव, पटवारी हल्का, खसरा क्रमांक, हेक्टरमध्ये क्षेत्र, पीक, नुकसानीच्या तारखा. बिघ्यात लिहायचं नाही. बिघा सगळीकडे एकसारखा नसतो आणि पंचनाम्यात आकडा जुळत नाही. फोटो ठिकाण आणि वेळ उमटणाऱ्या अॅपमधूनच काढायचे: एक पूर्ण शेताचा, एक खाल्लेल्या ओळीचा जवळून, एक खुराचा, शेजारी काडेपेटी ठेवून म्हणजे माप कळतं. रोजडा ठराविक जागीच लेंड्या टाकतो आणि ढीग मोठा होत जातो. तो ढीग जनावराच्या ये-जा करण्याचा चांगला पुरावा आहे. त्यावरून संख्या मात्र काढायची नाही, कारण एकाच ढिगावर अनेक जनावरं येतात.

संख्येसाठी पाच मचाणं, पाच माणसं, सलग तीन दिवस, पहाटे साडेपाच ते साडेसात. सगळ्यांनी दर पंधरा मिनिटांना त्या क्षणी दिसणारी जनावरं लिहायची. मग एकाच वेळची बेरीज करून तीन दिवसांतली सर्वांत मोठी बेरीज धरायची. पाचही जणांनी दिवसभरात पाहिलेली जनावरं नुसती मिळवली तर तोच कळप चारदा मोजला जातो. असे फुगलेले आकडे वनरक्षकाला लगेच कळतात, कारण तो त्याच वाटेने रोज जातो. नोंदीत तीन रकाने: निळसर-करडे नर, भुऱ्या माद्या आणि कोवळे नर, पिल्लं. शिंगं फक्त नराला असतात, तीही वीतभरच. या मोजणीत आकडा निघाला 34. त्यातले मोठे नर 7. याचिकेत ‘शेकडो’ लिहिलं होतं.

नुकसानीचा अंदाज डोळ्यांनी करू नये. गव्हात काढणीच्या वेळी एक मीटर बाय एक मीटरची लाकडी चौकट घ्यायची. खाल्लेल्या भागात दहा ठिकाणी आणि न खाल्लेल्या भागात दहा ठिकाणी ती टाकायची, आतलं पीक कापून, मळून दाणे तोलायचे. जागा आधीच ठरवायच्या, उदाहरणार्थ दर वीस पावलांवर. नाहीतर हात आपोआप वाईट जागेकडे जातो. एका शेतात न खाल्लेल्या भागाची सरासरी 420 ग्रॅम आली, खाल्लेल्याची 290. म्हणजे हेक्टरी 42 क्विंटलच्या जागी 29. खाल्लेलं क्षेत्र 0.8 हेक्टर, तूट 10.4 क्विंटल. रब्बी विपणन हंगाम 2025-26 च्या 2,425 रुपये हमीभावाने 25,220 रुपये. असा एक आकडा सहा हजार सह्यांपेक्षा जड असतो, कारण तो पुन्हा मोजून पाहता येतो.

याच कागदांवर आधी भरपाईचे दावे दाखल झाले. मध्य प्रदेशात वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीची मदत महसूल खात्याकडून, राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 खाली मिळते. ती वनखात्याकडे मागत बसलेले शेतकरी अजूनही भेटतात. पंतप्रधान पीक विमा योजनेतही वन्यप्राण्यांच्या नुकसानीचं जोड-संरक्षण खरीप 2026 पासून घेण्याचं केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं; त्यात 72 तासांच्या आत अॅपवर फोटोसह नोंद लागते. दावे आधी टाकायचं कारण साधं आहे. एकोणीस पंचनामे झाले की ‘उभ्या पिकाला धोका’ ही गोष्ट अर्जदाराचं म्हणणं न राहता सरकारी कागदावर येते, आणि कलम 11(1)(ख) च्या आदेशात कारण म्हणून तीच उतरवता येते. जोडीला दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज: गेल्या तीन वर्षांत या वनमंडलात असे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती कशासाठी नाकारले. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलेल्या नकारांच्या कारणांवरून आपला अर्ज दुरुस्त करता येतो.

गठ्ठा मंगळवारच्या जनसुनवाईत जिल्हाधिकाऱ्यांपुढे दिला, प्रती वनमंडलाधिकारी आणि अनुविभागीय अधिकाऱ्यांना. पावती क्रमांक घेतला. आणि शेवटच्या पानावर अकरा नेमबाजांनी स्वतःची ओळख उघड लिहिली: परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार, कोणाची जमीन आहे, कोणाची नाही, मांस-शिंगं-कातडं काहीही नको, मोबदला नको. आमच्या दृष्टीने साऱ्या अर्जातलं हेच पान सर्वांत मोलाचं. शिकाऱ्याला शिकारीची ओढ असते हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं. ती लपवली की शेतकऱ्याचा खरा प्रश्नही संशयात येतो.

आदेश मिळाला तो तीस दिवसांचा, आठ जनावरांचा, तीन नेमबाजांच्या नावाने, नेमून दिलेल्या खसऱ्यांपुरता आणि वनरक्षकाच्या हजेरीत. खरी अडचण तिथून पुढे.

पहिली चूक नरांच्या बाबतीत होते. मोठा निळा नर उठून दिसतो, एकटा फिरतो, बंदूक आपसूक त्याच्याकडे वळते. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. सातातले चार नर मारले तरी पुढच्या वर्षी पिल्लं तितकीच होतात. कळप खरंच कमी करायचा तर माद्या घ्याव्या लागतात, आणि लहान पिल्लं मागे असलेली मादी घ्यायची नाही हेही पाळावं लागतं. हे ऐकायला कठोर आहे. ज्याला ते पेलवत नाही त्याने कळप घटवायच्या नावाने परवानगी मागू नये, कुंपण मागावं.

बाराबोरच्या एलजी, म्हणजे जाड छऱ्याने इतकं मोठं जनावर जागीच पडत नाही; जखमी होऊन झुडपात जातं आणि दोन-दोन दिवस तडफडतं. त्यामुळे .315 ची रायफल आणि पन्नास-साठ मीटरच्या आतला नेम. पण रायफलची गोळी किलोमीटरभरापेक्षा पुढे जीव घेऊ शकते आणि माळव्याची सपाट जमीन तिला अडवत नाही. म्हणून मचाण दहा-बारा फुटांवर हवंच, म्हणजे गोळी खाली जाऊन मातीत शिरते. उडालेल्या प्रत्येक काडतुसाची नोंद आणि रिकामी खोळ परत. संधिप्रकाशात रोजड्याचं पिल्लू आणि काळविटाची मादी यांची उंची जवळपास सारखी दिसते. काळवीट परिशिष्ट 1 मध्ये आहे, चुकीला किमान तीन वर्षांची कैद आहे. दुर्बिणीतून ओळख पटली नाही तर गोळी नाही, हा नियम वनरक्षकाने पहिल्याच रात्री दोनदा बजावला. मेलेल्या जनावराचा पंचनामा, मग सहा फूट खोल खड्डा, वर चुना. जेसीबी आधी ठरवून ठेवावा लागतो. अडीचशे किलोचा देह पहाटे चार माणसांना ओढत नाही, आणि ऊन चढेपर्यंत गावातली कुत्री पोहोचतात.

तीस दिवसांत तीन जनावरं पडली, तिन्ही माद्या. बाकीच्या रात्री काही दिसलं नाही किंवा नेम धरण्याजोगं नव्हतं. पहिल्या गोळीनंतरच कळप सावध झाला होता. काकांच्या घरच्या काकूंनी तोवर लसणाच्या पाऊण एकराला आठ फुटी जाळी लावून घेतली. रोजडा पाच-सहा फुटांचं कुंपण सहज उडी मारून पार करतो, त्यामुळे उंचीत कसर करून भागत नाही. त्या तुकड्यात हंगामभर एकही खूर उमटला नाही. गव्हाच्या मोठ्या शिवाराला मात्र एवढी जाळी परवडत नाही. शाजापूर जिल्ह्यात ऑक्टोबर 2025 मध्ये हेलिकॉप्टरने हाकून, बोमा पद्धतीने, म्हणजे नरसाळ्यासारख्या निमुळत्या कुंपणात शिरवून, काळवीट आणि नीलगायी पकडून हलवल्या गेल्या. ते काम सरकारच्याच आवाक्यातलं.

चौथ्या आठवड्यात मचाणांवरून पुन्हा मोजणी झाली. नाल्याच्या या काठाला 9 जनावरं. उरलेला कळप पलीकडे, देवास जिल्ह्यातल्या हरभऱ्यात. आदेश इंदूर वनमंडलाचा होता, नाल्याच्या मध्यावर संपत होता. पलीकडच्या गावातल्या सहा खातेदारांनी लाकडी चौकट मागून नेली आहे, आणि त्यांची पानं आता देवासच्या वनमंडलाधिकाऱ्यांच्या नावाने वेगळी लिहिली जात आहेत.